बसल्या जागी

वसमतच्या टॉकीजमध्ये जमीलभाईला दरवाजावरची नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. जन्मभर त्यानं कापूस पिंजला होता. पिंजण खांद्यावर टाकून तो आज कुरुंदा, उद्या औंढा, कधी पार कळमनुरीपर्यंत पायी जायचा आणि लोकांच्या गाद्या भरून द्यायचा. आता पन्नाशीला आल्यावर तिकिटं फाडायची आणि आत दाराशी स्टुलावर बसून राहायचं, एवढंच काम. पडद्यावरची माणसं पळायची, झाडाभोवती नाचायची, एकमेकांना बदडायची, आणि जमीलभाई ते बघत बसायचा. मध्यंतरात कॅन्टीनवाला चहा-भजी पाठवायचा. भूक पिंजारकीच्या दिवसांतलीच राहिली होती. अंग भरलं, तशी मोहल्ल्यातली माणसं म्हणायला लागली, "जमीलभाई, नोकरी मानवली तुमाला."

त्यालाही तसंच वाटत होतं. पण वर्षभरानं त्याची तहान भागेनाशी झाली. खेळ चालू असताना दहादा उठून लघवीला बाहेर जावं लागे, घरी रात्री मोरीत. कापसाचा ढीग पिंजून जेवढा थकवा कधी आला नव्हता, तेवढा नुसतं बसून यायला लागला. हे सांगावं तरी कुणाला? काही न करता दमलो म्हणणारा माणूस लोकांना आळशीच वाटणार.

एके दिवशी त्याची बायको खुर्शीदबी न्हाणीतून बाहेर आली. ती म्हणाली, "मोरीला मुंग्या लागून राहिल्या. गूळ सांडला का तिथं?"

"मोरीत गूळ कोण नेतंय?" जमीलभाई म्हणाला. दोघांनी मिळून राख टाकली. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा आल्या.

मग ती दुपारची गोष्ट घडली. मारधाडीचा सिनेमा लागला होता, टॉकीज भरलेलं. जमीलभाईला पडद्यावरचे चेहरे पाण्यात पडल्यासारखे दिसायला लागले. त्यानं डोळे चोळले, तरी तेच. तो तडक वरच्या खोलीत गेला आणि मशीन चालवणाऱ्या वसरामला म्हणाला, "चित्र फाकलंय. नीट कर, पब्लिक ओरडंल."

वसरामनं भोकातून पाहिलं. "साफ तर दिसून राहिलं, भाई."

"न्हाई, धूसर हाय."

"मंग पब्लिक काहून ओरडत न्हाई?"

खाली लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. टॉकीजभर सगळ्यांना दिसणारी गोष्ट एकट्या आपल्यालाच दिसत नाही, हे ध्यानात आल्यावर तो जिन्यात भिंत धरून उभा राहिला. वसरामनंच मग त्याला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी लघवी मागवली. काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात तिचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले.

"मी चहापुरती खातो, साहेब."

"चहा किती वेळा? आणि दिवसभर काय करता?"

"बसतो."

"आधी?"

"पिंजत होतो. गावोगाव चालत जात होतो."

डॉक्टर सावकाश बोलले. "अंग राबत होतं, तेव्हा खाल्लेलं खर्ची पडत होतं. आता खाणं तेवढंच आणि बसणं दिवसभराचं. नुसत्या बसण्यानंच झालं असं मी म्हणत नाही, घराण्यातूनही येतं. पण बसण्यानं भर पडते. गोळ्या देतो. साखर बंद, भात कमी आणि रोज चालायचं."

"कुठवर जाऊ?"

"कुठंच नाही. नुसतं चालायचं."

हे मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. गावाला जायचं म्हणून माणूस चालतो. कुठंच न जाण्यासाठी कसं चालायचं?

तरी सकाळी तो कुरुंद्याच्या रस्त्याला लागला. मागून ग्यानोबाची बैलगाडी आली. लग्नातली त्याची गादी जमीलभाईनंच भरली होती.

"बसा की गाडीत. कुठं निघालात?"

"कुठं न्हाई."

"मंग बसा."

"बसायचंच न्हाई मला, ग्यानोबा. डॉक्टरनं मना केलंय."

ग्यानोबानं बैल थांबवले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय तकलीफ हाय?"

"बसल्यानं साखर झाली म्हनं."

ग्यानोबानं बैल हाकले. गाडी हळूहळू पुढं गेली. त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

पावसाळा सरता सरता नळीतलं औषध हिरव्यावर थांबायला लागलं. मुंग्या गेल्या, पडदाही साफ दिसू लागला. आता खेळ चालू असताना जमीलभाई दाराशी उभाच असे, मधूनच व्हरांड्यात फेऱ्या मारून येई. मालक भला माणूस, तो सारखा म्हणायचा, "बसा, जमीलभाई, कशाला त्रास?"

एका सकाळी चपला घालता घालता त्यानं खुर्शीदबीला विचारलं, "जन्मभर म्हटलं, एक दिवस आराम भेटंल. भेटला, तर त्यानंच आजारी पाडलं. मंग आराम म्हंजी काय असतं?"

"चला," ती म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन त्याच्याबरोबर बाहेर पडली.