त्रेसष्टावं कार्ड

लॉयड ग्रॅब्नरने अल्बमचं शेवटचं पान उलटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि खालच्या कोपऱ्यातल्या कप्प्यावर बोट ठेवलं. पानावरच्या आठ कप्प्यांत आठ कार्डं होती. नवव्यात नुसती एक पांढरी चिठ्ठी, तिच्यावर शाईने लिहिलेलं : ६३.

"व्हर्ना, यंदाही?"

"यंदाही."

"ही चिठ्ठी तेवढी काढ. आत्ता, माझ्यादेखत. पहिल्या बक्षिसाची निळी फीत खिशातच आहे, लगेच लावतो."

"मग राहू दे खिशात. शोभते तिथे."

शेजारच्या टेबलावर बड नोव्हाक कागदी ताटलीतल्या पिरोगी, लोण्यात परतलेल्या बटाट्याच्या करंज्या, संपवत होता. तोंडातला घास गालात सारून तो म्हणाला, "लॉयड, सव्वीस वर्षं झाली रे. हिची बस हलायची, ही नाही हलायची."

आजूबाजूचे हसले. व्हर्नाही हसली, पण चिठ्ठीवरचं प्लॅस्टिक तिने अंगठ्याने आणखी नीट दाबून बसवलं.

व्हर्ना कोस्टेल्निकने पार्मा गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आता ती अडुसष्ट वर्षांची होती, आणि दर मार्चमध्ये चर्चच्या तळघरातल्या या हॉलमध्ये आपला अल्बम घेऊन येत होती. इथे जमणारे सगळेच तिच्यासारखे : बबलगमच्या जुन्या पाकिटांतली कार्डं जमवणारे. पण खेळाडूंची नव्हेत. ती जमवणाऱ्यांचे मेळे मोठ्या हॉटेलांत भरत आणि ते लोक या मंडळींना 'भुताखेतांवाले' म्हणत. इथे राक्षस, आगगाड्या, पाणबुड्या, डायनोसॉर आणि मंगळावरचे हिरवे लोक असत. व्हर्नाचा जीव मात्र एकाच मालिकेवर जडला होता : 'चंद्रावरची वस्ती'. टोलेडोच्या एका छोट्या कंपनीने ती १९५८ साली काढली आणि दोन वर्षांत कंपनीच बुडाली. जांभळे डोंगर, काचेच्या घरात पिकवलेले टोमॅटो, शिरस्त्राण घातलेला कुत्रा, अशी एकेक चित्रं.

त्या मालिकेत कार्डं किती? लॉयडच्या यादीप्रमाणे बासष्ट. लॉयडने उभी हयात औषधांच्या दुकानात काढली होती आणि गोळ्या मोजाव्यात तशी तो कार्डं मोजायचा. जे स्वतःच्या डोळ्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं नाही, ते त्याच्या यादीत यायचं नाही. देशभरातले संग्राहक तीच यादी प्रमाण मानत. व्हर्ना म्हणायची, त्रेसष्ट. शेवटचं कार्ड सहाव्या वर्षी आपल्या हातात होतं. चंद्रावरच्या गाडीत पिवळ्या शिरस्त्राणातली बाई, दोन्ही हात चक्रावर, समोरच्या काचेत डोंगर. पुढे घर बदललं त्या गडबडीत कार्डं ठेवलेला बुटांचा खोका मागे राहिला तो राहिलाच. मोठेपणी तिने एकेक करून सगळी कार्डं पुन्हा मिळवली. ते एक कधी कोणाकडे दिसलंदेखील नाही.

"छापायच्या एका तावावर कार्डं नऊ आडवी, सात उभी. नऊ साते किती होतात रे लॉयड?" असं ती पहिल्या वर्षी म्हणाली होती.

"त्रेसष्ट. पण शेवटच्या जागी एखादं कार्ड दुसऱ्यांदा छापलेलं असणार. सर्रास करायचे."

"मी पाहिलंय ते."

"तू सहा वर्षांची होतीस."

तेव्हापासून तिचं नाव 'त्रेसष्टबाई' पडलं. तिने संग्राहकांच्या मासिकाला पत्र पाठवलं, ते त्यांनी गमतीजमतीच्या पानावर छापलं. बासष्ट कार्डांचा इतका स्वच्छ, बिनघडीचा संच दुसऱ्या कोणाकडे नव्हता. चिठ्ठी काढली असती तर दर वर्षीची फीत तिची होती. पण स्वतःचा संच अपुरा आहे असं स्वतःच्याच हाताने लिहून ती स्पर्धेत उतरायची, आणि नियमावर बोट ठेवून परीक्षक लॉयड तिला बाद करायचा. दोघांनाही ते आता अंगवळणी पडलं होतं.

त्या शनिवारी दुपारी, फिती वाटायच्या जरा आधी, पुठ्ठ्याची लांब नळी काखेत धरून एक तरुण बाई हॉलच्या पायऱ्या उतरली. तिने नाव सांगितलं, मॅरिबेल शूप. तिचे आजोबा टोलेडोला छापखान्यात होते. त्यांचं घर रिकामं करताना माळ्यावर ही नळी सापडली.

"फेकून देणार होते. मग कोणीतरी म्हणालं, पार्म्यातले लोक असलं काहीबाही जमवतात."

"बरोबर ठिकाणी आलात," बड म्हणाला आणि पँटला हात पुसू लागला.

"तू लांब हो. लोणी लागलंय बोटांना," लॉयडने त्याला मागे सारलं.

टेबल मोकळं केलं. नळीतून कागद हळूहळू बाहेर आला. चार कोपऱ्यांवर चार पट्ट्या ठेवल्या, तसा तो कुरकुरत उलगडला. न कापलेला अख्खा ताव. जांभळे डोंगर, टोमॅटो, कुत्रा, सगळे दाटीवाटीने शेजारी शेजारी. रंग असे की कालच छापलेत. हॉलमधले लोक टेबलाभोवती गोळा झाले.

लॉयडने पहिल्या ओळीपासून मोजायला सुरुवात केली. प्रत्येक चित्रावर बोट न टेकवता, वरून फिरवत. शेवटच्या ओळीच्या शेवटाशी त्याचं बोट थांबलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग तो टेबलापासून एक पाऊल मागे सरला.

"व्हर्ना," तो म्हणाला, "तू ये आधी."

लोकांनी वाट करून दिली. ती टेबलाशी गेली आणि वाकली.

पिवळं शिरस्त्राण होतं. जांभळे डोंगर होते. कोपऱ्यात बारीक आकडा होता, ६३. पण चक्रावरचे हात रुंद हनुवटीच्या एका पुरुषाचे होते. बाई त्याच्या मागे उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप.

"अगं," मागून डोकावत बड म्हणाला, "ही तर कॉफी देतेय!"

कोणी हसलं नाही. व्हर्नाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"आकडा तुझा बरोबर होता," लॉयड हळूच म्हणाला. "ते मी लिहून देतो. जाहीर माफी मागतो. चित्राचं काय, सहा वर्षांचं पोर. आठवणीचं असंच असतं."

"असंच म्हणजे कसं?"

"म्हणजे, आपल्याला हवं ते..."

"थांब जरा."

ती चित्राकडे बघत राहिली. हेच होतं ते. ट्रेची लाल कडसुद्धा तिला आता आठवली. मग गाडी चालवणारी बाई आली कुठून? तिला स्वयंपाकघरातलं मेणकापड घातलेलं टेबल दिसलं, आणि पोलादाच्या भट्टीवरून आलेल्या बाबांच्या बोटांच्या भेगांतून न निघणारी काळी राख. कार्ड उलटं करून बाबा मागच्या मजकुराखालून बोट फिरवायचे. सावकाश, ओळ संपली की पुढच्या ओळीवर. 'ऐक वेरुन्का, काय लिहिलंय. ही या गाडीची चालक. चंद्रावर हिच्याइतकी पक्की चालक दुसरी नाही. तो हनुवटीवाला शिकाऊ आहे. सपाट रस्ता आला म्हणून पाच मिनिटं त्याच्या हातात दिलीय, तेवढ्यात हिने सगळ्यांसाठी कॉफी केली. पुढे दरी आहे. दरी आली की ही बसणार.'

दरीचा भाग ती त्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावायची.

आणि शाळेतून पत्र आलं की बाबा टोपी घालून ते वाचून घ्यायला शेजारच्या मिसेस हालूश्काकडे जायचे. वीज कंपनीचा कागद आला तरी तिच्याकडेच. स्लोव्हाक वर्तमानपत्र ते रविवारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. इंग्रजीतलं स्वतःचं नाव तेवढं त्यांना काढता यायचं, तेही चित्र काढावं तसं. कार्डाचं वाचन आणि ही पत्रं, दोन्ही गोष्टी व्हर्नाला साठ वर्षं ठाऊक होत्या. त्या एकमेकींच्या शेजारी मात्र आज पहिल्यांदा येऊन बसल्या.

तिने टेबलाची कड सोडली आणि ताठ उभी राहिली.

"ताव उलटा कर," ती म्हणाली.

लॉयड आणि मॅरिबेलने दोन टोकं धरून तो सांभाळून उलटला. मागची बाजू कोरी होती.

"नुसता रंग बघायला काढलेला ताव असणार," लॉयड म्हणाला. "मजकूर नंतर चढवतात. आणि हे कार्ड पहिल्या काही खोक्यांनंतरच काढून टाकलेलं दिसतंय, नाहीतर कुठेतरी मिळालं असतं. म्हणजे मागे काय लिहिलं होतं ते आता कळायला मार्ग नाही."

"का नाही? मला माहीत आहे."

"तू वाचलं होतंस?"

"मला कुठलं वाचता येतंय तेव्हा. बाबांनी वाचून दाखवलं. शब्दन् शब्द."

"आणि काय होतं?"

"लिहून घे. ही चालक आहे. तो शिकाऊ. सपाटीवर त्याच्या हातात दिलीय, पुढे दरी आहे, तिथे ही बसणार."

मॅरिबेल चित्रावर वाकली. "खरंच की," ती म्हणाली. "तो कसा घाबरून धरून बसलाय बघा!"

लॉयडने कोटाच्या आतल्या खिशातून यादीची छापील घडी काढली. बासष्टाव्या ओळीखाली जागा होती. त्याने पेन काढलं.

"व्हर्ना, एक सांगतो हं," बडला राहवलं नाही. "आता यादीत त्रेसष्ट झाली, तर तुझा संच खरोखरच अपुरा झाला. फीत कायमची गेली."

"सव्वीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते?"

आता मात्र हॉल हसला. लॉयड हसला नाही. तो टेबलावर वाकून लिहीत होता, औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं, एकेक अक्षर सुटं. व्हर्नाने त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. '६३. चालक', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"ते प्रश्नचिन्ह कशाला?"

"पुरावा नाही, व्हर्ना. रीत आहे ती."

"बाकी बासष्टांपुढे नाही."

"त्यांच्या मागच्या बाजू मी स्वतः वाचल्यात."

"आणि हिची माझ्या बाबांनी वाचलीय."

लॉयडने मान वर केली. ती हलली नाही. डोळ्याला डोळा भिडवून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. खिशातल्या मुठी कापडातून दिसत होत्या. लॉयडने त्या पाहिल्या असाव्यात.

मग त्याने प्रश्नचिन्हावर एक रेघ मारली. ती खाडाखोड त्याला आवडली नाही. पिशवीतून त्याने यादीची दुसरी छापील प्रत काढली, तळहाताने सपाट केली आणि खाली पुन्हा लिहिलं : '६३. चालक'. शेवटी टिंब दिलं, आणि ठीक दिसतंय ना हे तिने बघावं म्हणून कागद तिच्याकडे वळवला.