केसांसकट की केसांविना

शामकांतरावांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बरीच वर्षं कारकुनी केली आणि एकाहत्तर साली राजीनामा देऊन नगरच्या छावणीलगत, भिंगारला, कुत्री धुण्या-भादरण्याचं दुकान टाकलं. पाटीवर 'श्वानसेवा केंद्र' असं झोकात लिहिलं होतं, पण अख्खं भिंगार त्याला कुत्र्यांचं न्हाणीघर म्हणे. सासऱ्यांचं शिर्डीला पेढ्यांचं दुकान होतं. "बुडालात की या आमच्या गल्ल्यावर," असं ते जावयाला प्रत्येक भेटीत प्रेमानं सांगत. हे प्रेम रोज पचवावं लागू नये, एवढ्यासाठी शामकांतराव दुकान जिवापाड जपत होते.

नोकर दोन. बन्सी पूर्वी गावोगाव म्हशी भादरायचा. कात्री झकास चालायची आणि तोंड तिच्याहून झकास. गोजरबाई आंघोळी घालायची आणि अशा शिव्या हासडायची की चावकी कुत्रीसुद्धा मुकाट उभी राहत. गिऱ्हाइकाकडून मोठ्या कुत्र्याचे तीन रुपये, लहानाचे दीड. पण दोन पगार, साबण, पावडर आणि पाणी भागवून महिनाअखेर मालकाच्या हाती फुटाण्यांपुरतं उरायचं. त्यात बन्सीनं पगारवाढ मागितली.

शामकांतरावांनी पगारच बंद केला. यापुढं कुत्र्यामागं मजुरी: मोठ्याला प्रत्येकी आठ आणे, लहानाला चार. पोटाचा घेर दोन फुटांवर गेला की कुत्रं मोठं. त्यासाठी शिंप्याकडून टेप आणली. ती कधी लावायची, हे ठरवताना कारखान्याची अक्कल कामाला आली.

"उसाची गाडी भरलेली तोलतात, मग रिकामी तोलतात. गाडीचं वजन वजा केलं की उरेल तो ऊस. तसं केस वजा केले की उरेल ते कुत्रं. माप भादरल्यावर घ्यायचं!"

"पर मालक, म्या केसंच भादरतो की. कुत्रं थोडंच भादरतो?" बन्सी म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच शामकांतरावांनी तो ऐकला नाही.

पहिला आठवडा मजेत गेला. अस्वलासारखी आलेली कुत्री भादरून चार आण्यांत बसू लागली आणि मालक गल्ल्यावर शीळ घालू लागले. दुसऱ्या आठवड्यात मात्र जे कुत्रं बघावं ते मोठं निघायला लागलं. शामकांतराव चडफडले, पण त्यांची नजर टेपवर असायची, कुत्र्याकडं बघतंय कोण?

एका दुपारी मेजरसाहेबांच्या पत्नी प्रेमलाबाई आपलं झिपरं कुत्रं घेऊन तणतणत आल्या. त्यांचा शब्द छावणीत मेजरसाहेबांच्या वर चाले.

"उन्हानं हा हैराण झालाय म्हणून केस कापायला पाठवला. हा तर गेला तसाच परत आला, वर पावडर लावून! सगळ्यांची हीच तक्रार आहे. उद्यापासून छावणीतलं एक कुत्रं तुमच्याकडं येणार नाही."

शामकांतरावांच्या डोळ्यांपुढं पेढे नाचायला लागले.

"बन्सी! केस का ठेवलेस?"

"मंग काय करू? भादरलं की त्ये ल्हान हुतंय. ल्हान झालं की माजं चार आनं गेलं. माज्याच कात्रीनं माजाच खिसा कापू व्हय?"

"आन् म्या फनीनं केसं फुगवून देते," गोजरबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

प्रेमलाबाईंनी सगळा नियम नीट समजून घेतला. बन्सीनंही तो चवीनं सांगितला.

"म्हणजे यांच्या मजुरीचं माप केस काढल्यावर," त्या म्हणाल्या. "मग माझ्याकडून मोठ्याचे तीन रुपये घेता, ते माप कधीचं?"

शामकांतरावांना एकाएकी खोकला आला.

"आल्या आल्या घेत्यात बाईसाहेब," गोजरबाईनं सांगून टाकलं. "केसांसकट."

शामकांतरावांना खरोखर लाज वाटली. काट्यावर असताना मापात मारणाऱ्यांना त्यांनी तोंडावर चोर म्हटलं होतं आणि आज टेप त्यांच्याच हातात होती.

"कुत्रं एक, तर माप एक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "कुठलं धरायचं ते तुम्ही ठरवा. मी थांबते."

लाज वाटली तरी हिशेब थांबत नाही. छावणीला लहानाचा दर लावायचा, तर कुत्र्यामागं दीड रुपया बुडणार. नोकरांना मोठ्याचा द्यायचा, तर दोघांचे मिळून आठ आणेच जादा जाणार.

"केसांसकट," ते पुटपुटले.

"मोठ्यांदी बोला की मालक!" गोजरबाई म्हणाली.

"केसांसकट! आणि दोघांच्या मजुरीतले मागचे कापलेले पैसेही देतो!"

बन्सीनं कात्री उचलली. त्याचा हात असा चालला की बघता बघता केसांचा ढीग झाला आणि त्यातून हातभर कुत्रं शेपूट हलवत बाहेर आलं. प्रेमलाबाईंनी ते आपलंच असल्याची खात्री करून घेतली, खूश होऊन तीन रुपये ठेवले आणि उद्या शेजारणीची दोन पाठवते म्हणाल्या.

शामकांतरावांनी त्या एवढ्याशा कुत्र्याचे आठ-आठ आणे दोघांच्या हातावर ठेवले.

"आता म्हशी आना मालक," बन्सी म्हणाला, "शेळीएवढ्या करून दावतो!"

शामकांतराव कोपऱ्यातला झाडू घेऊन स्वतःच केस लोटायला लागले. त्या कामाची मजुरी अजून कुणी मागितली नव्हती.