एकोणीस किलोमीटर

"ही वही बाजूला ठेवा," साहेब म्हणाले. "एका घरापायी सगळी सरासरी बिघडतेय."

वही माझ्या ताईच्या घरची होती. साहेबांना ते ठाऊक नव्हतं.

आमचं ऑफिस नव्या वसाहतींचं मोजमाप करतं. पूर्वी चौकात गाड्या किती तुंबतील ते बघायचे. आता तिथल्या माणसाला रोज किती किलोमीटर गाडी हाकावी लागेल ते बघतात. आकडा लहान असला की परवानगी. शहराबाहेरच्या या वसाहतीचा आकडा मीच काढला होता. नकाशावर हॉस्पिटलचं वर्तुळ तुटक रेषेचं होतं, म्हणजे अजून न बांधलेलं. मी ते बांधलेलं धरलं आणि चार किलोमीटर लिहून मोकळा झालो. वीस वर्षं नकाशे बघून बघून मी बघायचंच सोडलं होतं, दुसरं काय!

ताईचं हृदय तेव्हाच कुरकुरत होतं. हॉस्पिटल जवळ हवं म्हणून तिनं तिथे घर घेतलं. "तू मोजलंयस ना? मग झालं तर," म्हणाली.

ते हॉस्पिटल काही झालं नाही. जुनं एकतीस किलोमीटरवर.

वसाहतीला वर्ष झालं तेव्हा खरा आकडा काढायला घरोघरी वह्या वाटल्या. गाडी काढली की कुठे गेलात, किती किलोमीटर, गाडीत माणसं किती, ते लिहायचं. ताईकडची वही भाऊजी भरत. 'बाजार, अकरा.' 'तपासणी, एकतीस.' शेवटच्या पानावर 'हॉस्पिटल, एकोणीस.' त्याखाली, 'घरी, एकोणीस.'

वही आणायला काल मीच गेलो होतो.

"अर्ध्याच्या पुढे पोचलो होतो रे," भाऊजी म्हणाले. "मग हाक मारली तर ओ देईना. हात गार पडलेला. पुढे जाऊन काय करायचं? वळवली गाडी."

"भाऊजी, ते चार किलोमीटर मी..."

"माहितीये. पहिल्याच महिन्यात कळलं आम्हाला. ती म्हणाली, त्याला बोलू नका हं, जिवाला लावून घेईल."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वही मिळाल्याची पावती लिहून दिली आणि जिन्यात बसून पोटभर रडलो.

"साहेब, ही वही धरायचीच," मी म्हणालो. "माझ्या बहिणीच्या घरची आहे. हॉस्पिटलला पोचायच्या आत ती गेली. आधीचे चार किलोमीटर माझी चूक होती, तेही अहवालात लिहितोय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्या नोकरीवर बेतेल हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"लिहा," ते म्हणाले. मग पानावर वाकून त्यांनी हळूच विचारलं, "गाडीत माणसं किती, या रकान्यात परतीलाही दोनच लिहिलंय. एक हवं ना?"

मी कॉम्प्युटरवर दोन भरले.