वरचा मजला बंद

डॉक्टरांनी दवाखाना वरच्या मजल्यावरून खाली आणला तो म्हाताऱ्या पेशंटांच्या गुडघ्यांसाठी. आयुष्यभर लोकांना जिना चढायला लावला आणि स्वतः सत्तरीला टेकले तेव्हा कुठे ही अक्कल सुचली. इमारत तीच, पाटी तीच, फक्त एक मजला खाली. बायकोने गल्लीभर सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्यालाही सांगितलं. सांगायचं राहिलं ते सरकारी आरोग्य विम्याच्या कार्यालयाला. जागा बदलली की महिन्याच्या आत कळवायचं असा नियम होता. पण घराचा नंबर तोच असताना जागा बदलली, असं कुणाच्या डोक्यात येणार?

विम्याचा तपासनीस न सांगता येऊन गेला, वरच्या दाराचं कुलूप पाहिलं आणि शेरा मारला: दवाखाना बंद. डॉक्टरांची नोंदणी रद्द झाली, आणि वर वर्षभर नव्याने अर्ज करायचीही बंदी. आता त्यांनी लिहिलेलं औषध विम्यातून मिळेना. पेशंट भांडले असते तर बरं झालं असतं. ते तोंड पाडून यायचे, आपले जुने रिपोर्ट मागायचे आणि दाराशी जरा घुटमळून निघून जायचे. बायको म्हणाली, वर्ष काय, बघता बघता जाईल. पण वर्षाने बाकावर बसायला कोण उरणार होतं?

म्हणून त्यांनी अपील केलं. सुनावणी घेणारी अधिकारी त्यांच्या मुलीच्या वयाची, बोलायला गोड. तिने तपासनिसाला आत बोलावलं आणि डॉक्टर उडालेच. हा तर तोच माणूस! एका दुपारी घामाघूम होऊन खालच्या बाकावर कोसळला होता. डॉक्टरांनी रांग मोडून त्याला आत घेतलं, झोपवलं, वाढलेलं ब्लडप्रेशर पाहून गोळ्या लिहून दिल्या. फी घेतली नाही. काम काय करता, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

डॉक्टरांनी घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढला, कारण आता आपण सुटलो याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती. अधिकारी तपासनिसाकडे वळली.

"खरं आहे मॅडम," तो म्हणाला. "कुलूप बघून जिना उतरलो तेव्हा खाली दवाखाना चालू होता. मलाच तपासलं यांनी."

"मग बंद का लिहिलंत?"

"वरचा बंद होता ना. माझ्याकडे पत्ता वरचाच होता."

अधिकारी बराच वेळ नियम चाळत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही काम करत होता, हे मी मान्य करते. पण जिथे करतो म्हणून आम्हाला कळवलं होतंत, तिथे तुम्ही नव्हता." अपील फेटाळलं गेलं. कुणी खोटं बोललं असतं तर निदान शिव्या घालायची सोय होती. इथे सगळे खरं बोलले आणि सगळ्यांनी मिळून त्यांना घरी बसवलं.

बाहेर व्हरांड्यात तपासनीस मागून धावत आला. माफी मागायला आला असेल, असं वाटून डॉक्टर थांबले.

"तुमच्या गोळीने चांगला गुण आला," तो म्हणाला. "संपत आलीये. तीच चालू ठेवू का?"

डॉक्टरांच्या मस्तकात तिडीक गेली. घाल खड्ड्यात, असं अगदी जिभेवर आलं होतं. तोवर बोटं मात्र त्याच्या नाडीवर जाऊन बसली होती.

"चालू ठेवा. मध्येच सोडलीत तर महागात पडेल."

"मग लिहून देता?"

सवयीने त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि परत ठेवलं.

"माझं लिहिलेलं तुमच्या विम्यात चालत नाही. दुसरा डॉक्टर बघा."

तपासनिसाने मान डोलावली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "कोण चांगला आहे हो तुमच्या भागात?" त्याने विचारलं.

"चौकात एक नवीन पोरगा बसतो, त्याच्याकडे जा," डॉक्टर म्हणाले. "माझे सगळे तिथेच गेलेत."