फळ्या वाजवून पाहणारा पाहुणा

मित्रांनो, नदीवर सफरी करणारी मी एक जुनी लाकडी बोट. एका सुताराने पावणेदोन वर्षं खपून मला बांधलं. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि वर मोकळा डेक, एवढाच माझा पसारा. सव्वीस वर्षं मी प्रवाशांना चार-चार दिवस फिरवून आणते. माझे मालक दर वर्षी मला हिरवा रंग देतात. मग लोक म्हणतात, "काय देखणी बोट आहे!" आणि मी उगाच ऐटीत डुलते.

यंदा मात्र एका सफरीला प्रवासी नव्हते, घरचे पाहुणे होते. मालकांची धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. मालकीणबाईंनी नव्या चादरी घातल्या, दोन्ही खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकली.

बहिणीच्या नवऱ्याला मालक दाजी म्हणत. हे दाजी मला पहिल्या दिवसापासून खटकले. पाहुण्याने डेकवर बसावं, चहा प्यावा, काठावरचे बगळे मोजावेत. हे गृहस्थ कोणाचं लक्ष नाही असं पाहून खाली उतरत, माझ्या फळ्या बोटांनी ठोकत, भिंतीला कान लावत. एकदा तर चक्क हुंगलं मला!

"बाबा, आत कोण राहतं?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही गं," ते म्हणाले आणि हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक वर सुकाणूपाशी असताना मालकीणबाई दाजींच्या कानाशी पुटपुटल्या, "यांना इतक्यात सांगू नका. जीव तुटेल यांचा."

मला विकायचं ठरलंय तर! पलीकडच्या काठावर माझ्याच वयाच्या एका बोटीचं करवतीने सरपण झालेलं मी पाहिलं होतं. त्यानंतर मला प्रत्येक गोष्टीत डाव दिसू लागला. दाजींच्या खिशात काय आहे? मालकीणबाई मालकांची नजर का चुकवतात? मालकांच्याही मनात पाल चुकचुकली असावी. "दाजी सारखे खाली काय करतात?" त्यांनी बायकोला विचारलं. त्या नुसत्याच भांडी विसळत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या पात्रातून जायचं होतं. तिथे पाण्याला भलतीच ओढ असते. नांगर उचलण्याआधी मालक खाली आले आणि दारातच थबकले. दाजींनी पाहुण्यांच्या खाटेखालची फळी उचलली होती. हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"दाजी, पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा. माझ्या बोटीवर डोळा आहे का तुमचा?"

"तसं नाही हो..."

"मीच बोलावलंय त्यांना," मागून मालकीणबाई म्हणाल्या. "बोटी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. तुम्हाला किती वेळा म्हटलं, खाली कुबट वास येतोय. तुम्ही रंगाचा डबा आणून मोकळे!"

दाजींनी स्क्रूड्रायव्हर माझ्या तळाच्या लाकडाला टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. तो बाहेर काढताच बारीक धार लागली. दाजींनी खिशातून कापडाचा बोळा काढून तिथे घट्ट दाबून धरला.

मालक पाहतच राहिले. वरून त्यांच्या भाचीच्या उड्या ऐकू येत होत्या. मग ते वर गेले आणि त्यांनी माझं तोंड काठाकडे वळवलं.

मित्रांनो, आता खरं सांगते. ते लाकूड कुजलंय हे मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. फळी जराशी करकरली असती, तर मालकांना कळलं असतं. पण आपल्याला मोडीत काढतील या भीतीने मी अंग चोरून गप्प बसले आणि एक लेकरू त्याच लाकडावर दोन रात्री झोपलं. मी इतरांवर वहीम घेत होते, आणि लपवाछपवी करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

सध्या मी दुरुस्तीच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर टेकून उभी आहे. दाजींनी रजा वाढवली आहे. ते आणि मालक समोरासमोर बसून नवी फळी तासतात, फारसं बोलत नाहीत. दाजी हातोडी घेऊन जवळ आले की अजून माझं अंग आक्रसतं.

तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना रंग जरूर द्या, पण आधी एकदा वाकून त्यांच्या पोटात डोकवा. आणि तुमच्याच आत कुठे ओल धरली असेल, तर माझ्यासारखं गप्प बसू नका. वेळेवर करकरा.