हार घालून कुलपात

मित्रांनो, कोराडीच्या वीज कारखान्याची राख जाते, त्या रस्त्यालगत आमची वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिराच्या लोखंडी कपाटात मी पडून आहो. जुना टेपरेकॉर्डर. अंगावर हळदीचे डाग आहेत, त्यायले भाग्य समजू नका.

१९७८ साली गणपतराव इंजिनिअरची बदली झाली. सामानाच्या ट्रकात जागा उरली नाही, म्हणून त्यायनं मले वस्तीले दान केलं. टाळ्याही पडल्या.

वस्तीत कारखान्याच्या कामावरची माणसं. कोणी छत्तीसगडचं, कोणी आंध्रातलं, कोणी नागपूरचं. पोट्ट्यायले एकमेकायची बोली कळत नव्हती, पण माझी बटनं आठ दिवसांत सगळ्यायले कळली. शिकवणारं कोणीच नव्हतं. समाजमंदिराची किल्ली भैयाजी किराणावाल्याकडे असे. तो दुपारी तिथंच झोपे. पोट्ट्यायनं त्याचं घोरणं टेप करून भर सभेत वाजवलं. काय मजा आली म्हणून सांगू. घोरला तो, अन् बदनाम झालो मी.

सगळ्यात पक्की बायजा. अकरा वर्षांची. माय राख उचलायले जाई, म्हणून लहान भाऊ हिच्या कडेवर अन् शाळा बंद. तिची मैत्रीण इंदू शाळेतून आली की धडा माझ्यात वाचून ठेवे. दुसऱ्या दिवशी बायजा ऐके, थांबवे, मागं नेऊन परत ऐके, पाटीवर लिही, अन् पाठ झालेला पाढा माझ्यात म्हणून ठेवे. गवंड्याचा व्यंकटी तिले तेलुगू आकडे शिकवे, ती त्याले मराठी पाढे. इंदूच्या शाळेतले गुरुजी बायजाले म्हणाले होते, जूनपर्यंत वाचता आलं अन् पाढे आले, तर थेट पाचवीत बसवतो.

मग दसरा आला. भैयाजीनं सायकली पुजल्या, गवंड्यायच्या थाप्या पुजल्या, अन् मलेही पुजलं. हळद, कुंकू, झेंडूचा हार. हळद बटनाच्या फटीत गेली अन् बटन अडकलं.

"पोट्ट्यायनं मोडला," भैयाजी म्हणाला. "आता हा कुलपात."

"आमी नाही मोडला, भैयाजी. द्या ना गा," बायजा म्हणाली. "माहा सातचा पाढा अर्धा राहिला."

"अवं, एवढी महागाची चीज तुमच्या हाती उरन का? तुले काय कलेक्टर व्हायचं आहे?"

"मले पाचवीत बसायचं आहे."

"मोठी हो. तोवर मी जपून ठेवतो."

अन् खरंच जपलं त्यानं. दर दसऱ्याले नवा हार. आतले सेल फुटले, त्यायच्या पाण्यानं तारा खाल्ल्या. रबरी पट्टा वितळून चिकट झाला. गुरुजींनी सांगितलेला जून आला, तेव्हाच बायजा मायसंगं राखेची घमेली उचलत होती.

दहा वर्षांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी समाजमंदिर झाडायले एक बाई आली. भैयाजीनं मले पूजेसाठी बाहेर काढलं होतं. बाईच्या हातातला झाडू थांबला. बायजाच होती. तिनं पदरानं माझी धूळ पुसली अन् बटन दाबलं. मी पूर्ण जोर लावला. काहीच झालं नाही.

"भैयाजी, हा बोलून नाही राहिला."

"काहून?" भैयाजी चकित झाला. "दहा वर्षांत कोणाचा हात नाही लागू दिला मी त्याले."

बायजानं परत झाडू उचलला.

माझ्या पोटात ती कॅसेट अजून आहे. सात पंचे पस्तीसपर्यंत तिचा आवाज आहे, पुढं कोरी. मित्रांनो, तुमच्या शाळेत असं काही कपाटात असन, तर किल्ली मागा. मोडलं तर मोडू द्या. पोट्ट्यायच्या हातून मी जूनमध्ये मोडलो असतो ना, तरी चाललं असतं.