जिन्याच्या पायथ्याची चप्पल

मी एक चप्पल बोलतेय. उजव्या पायाची. डावी शेजारीच आहे, पण तिला बोलायची हौस नाही, तेव्हा आमच्या दोघींच्या वतीने मीच सांगते. ऐकता ऐकता थोडं मागे सरका. तुम्ही कोण, कुठून आलात, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म मंडालेच्या एका चप्पलवाल्याकडे झाला. तळ चामड्याचा, पट्टा तपकिरी मखमलीचा. त्याच मखमलीच्या, त्याच मापाच्या कितीतरी जोड्या त्या दुकानात टांगलेल्या असायच्या. आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. हे सारखेपण पुढे एका माणसाला फार महागात पडलं.

मला विकत घेणारा माणूस आला तो दुकानात शिरताच भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मला हातात घेतलं, वास घेतला, शिवण उलटून पाहिली, मग चप्पलवाल्याचा चेहरा पाहिला.

"एवढं काय बघताय, ऊ पो ल्विन? चप्पल आहे, खुनी नाही," चप्पलवाला म्हणाला.

"अजून नाही," हा म्हणाला आणि मला पायात घातलं.

असा माझा मालक. धंद्यानं खाजगी गुप्तहेर. कथा-कादंबऱ्यांतल्या गुप्तहेरांकडे लांब कोट आणि पिस्तूल असतं म्हणे. याच्याकडे एक छत्री, पानाची डबी आणि आम्ही दोघी. लोक त्याला म्हणायचे, "साहेबासारखे बूट घाला की." तर म्हणायचा, "बुटाची नाडी सोडायला दारात वाकावं लागतं. मी वाकलो की आतला माणूस काय काय लपवतो ते मला दिसत नाही." म्हणून चपला. नजर समोर ठेवून नुसता पाय बाहेर काढायचा.

त्याच्या सवयी सांगाव्या तेवढ्या थोड्या. सकाळी कोपऱ्यावरच्या बाईकडे मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, खायचा, तोही तिनं आधी दुसऱ्या कुणाला वाढल्यावर. चहाच्या दुकानात दाराकडे तोंड करून बसायचा आणि टेबलावरच्या किटलीला हात लावून आधीचा माणूस कधी उठला असेल याचा अंदाज घ्यायचा. घरी जायचा रस्ता रोज वेगळा. ज्याच्यावर संशय असेल त्याच्यापुढे हा पानाची डबी करायचा आणि तो चुना लावताना त्याची बोटं बघत बसायचा. स्वतःच्या माठातलं पाणीसुद्धा हा आधी वास घेऊन प्यायचा, आणि तो घरात एकटाच राहायचा!

पण त्याची खरी सवय दारातली. आमच्याकडे कुणाच्याही घरात, मठात, पॅगोड्यात पादत्राणं बाहेर ठेवूनच जातात. माझा मालक जिना चढण्याआधी थांबायचा आणि खाली पडलेल्या चपलांकडे बघायचा. कुणाची टाच झिजलेली, कुणाला नदीकाठचा चिखल, कोण घाईत आलंय. मग मला काढून ठेवायचा, तोंड बाहेरच्या दिशेला, डावीपेक्षा मी बोटभर पुढे. परत आल्यावर मी जरा जरी हललेली दिसले, की त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

तो वर गेला की खालची राखण माझ्याकडे. माणसं वर बसून काय काय थापा मारतात ते मला ऐकू येत नाही, पण त्यांच्या चपला माझ्या शेजारी असतात. मीही त्याच्यासारखीच झाले. चिखल दिसला की कुठला, नवा पट्टा दिसला की पैसे कुठून आले. भिक्खूंच्या चपलांवरसुद्धा मी डोळा ठेवायचे. पाप लागत असेल तर लागो.

आता त्या घराची गोष्ट सांगते. सध्या मी जिथे उभी आहे, तेच हे घर.

इथे दॉ ओन नावाची म्हातारी राहायची. मूलबाळ नव्हतं. मा न्वे नावाची अनाथ पोर तिनं लहानपणापासून सांभाळली होती. दोघीच राहायच्या. म्हातारी आजारी पडली, एका दुपारी तिला जास्त झालं, मा न्वे वैद्याला आणायला धावली. वैद्य आला, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळी म्हातारी गेली. आणि उशाजवळची लाखेची डबी उघडली तर तिच्या माणकांच्या कुड्या गायब.

घरात बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं. सगळ्यांची बोटं मा न्वेकडे वळली. म्हातारीची बहीण दॉ न्यो, मोठी तोंडाळ बाई. तिनं बजावलं, "सातव्या दिवसाचं भिक्खूभोजन होईपर्यंत कबूल कर. नाहीतर जेवण आटोपलं की थेट ठाण्यात नेते तुला, आणि या घराला कुलूप." कबुली काढून घ्यायला तिनंच माझ्या मालकाला बोलावलं.

मौतीच्या घराचं दार आठवडाभर बंद करत नाहीत. पुढे मांडव, मांडवात म्हातारेकोतारे पत्ते खेळत बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा. आम्ही पोचलो तर दॉ न्यो तीरासारखी आली.

"आलात? चला वर. चपलांकडे काय बघत बसलात, त्या काय पळून जातायत?"

"एक मिनिट, बाई."

"एक मिनिट न् बिनिट नाही! चहा निवतोय, आणि ती पोरगी रडण्याचं सोंग करतेय." तिनं त्याला दंडाला धरून वर नेलंच. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तो चपला न बघता जिना चढला.

मी मात्र बघत होते. जिन्याच्या पायथ्याशी, अगदी टोकाला, रांगेपासून जरा लांब, माझ्यासारखाच एक तपकिरी जोड मांडून ठेवलेला होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं. थोड्या वेळानं एक तरुण खाली आला. दॉ न्योचा मुलगा, को चॉ सेइन. किती सभ्य! सगळ्यांच्या विस्कटलेल्या चपला जोडीनं लावत होता. मला तर रुमालानं पुसलं. इतक्या वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं. लावत लावत तो टोकाच्या त्या जोडापर्यंत गेला, तोच पत्ते खेळणारा एक म्हातारा ओरडला.

"ए बाळा, रोज रोज सांगायला लागतं का? त्याला हात नको लावूस. ती मालकांची जागा!"

"सवयच लागलीय, आजोबा," तो हसून म्हणाला आणि मागे झाला.

मालक म्हणजे दॉ ओनचा नवरा, ऊ बा शीन. जाऊन दहा वर्षं झाली होती. पण घरात दोन बायाच राहतात हे चोराचिलटाला कळू नये, म्हणून दॉ ओननं त्याच्या चपला जिन्याशी तशाच ठेवल्या होत्या. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. आमच्या गल्लीबोळांतून एकट्या राहणाऱ्या बऱ्याच बाया असं करतात.

पण त्या जोडाला नव्या रबराचा वास येत होता. मला राहवेना. मेलेल्या माणसाच्या चपलेला नवं रबर? मी मनातल्या मनात आरडाओरडा केला. चपलेचा आवाज ऐकतो कोण!

माझा मालक खाली आला तो वैतागलेला. मागून मा न्वे आली, डोळे सुजलेले.

"काका, तुम्हालाही वाटतं का मी घेतल्या?"

"मला सगळ्यांबद्दलच वाटतं, बाळ. तुझ्याबद्दल वाटतं, त्या वैद्याबद्दल वाटतं, मावशीबद्दल तर फारच वाटतं."

"आईला घास भरवताना माझा हात कधी आखडला नाही. कुड्यांना कसा लावीन?"

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी त्याला हाक मारली, "ऊ पो ल्विन, एक डाव होऊन जाऊ दे!" तो त्यांच्याकडे मान वळवून काहीतरी उत्तर देत होता आणि त्यानं पाय घातला तो माझ्यात नाही, त्या टोकाच्या जोडात! मला आधी धक्का बसला, मग रागच आला. इतकी वर्षं साथ दिली त्याचं हे फळ?

म्हातारे हसले. "घ्या! गुप्तहेरांनी मालकांच्याच चपला पळवल्या!"

माझा मालक हसला नाही. त्यानं पाय वरखाली केला. चप्पल हलकेच उसळली. मग पाय काढून तिचा तळ उलटून पाहिला. टायरचं नवंकोरं रबर, खिळे अजून चकाकत होते.

"मा न्वे," त्यानं हळूच विचारलं, "बा शीनच्या चपलांचा तळ कुणी बदलून आणला?"

"कुणी कशाला बदलेल? त्या कोण घालतंय?"

"तेच तर," तो म्हणाला. चप्पल होती तशी ठेवली, मला पायात घातलं आणि निघाला. त्या रात्री त्यानं माठातलं पाणी वास न घेताच प्यायलं. म्हणजे डोकं दुसरीकडे होतं.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. भिक्खू आले, मांडवातले म्हातारेही वाढायला वर गेले. जिन्याशी कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या मालकानं एक विचित्र काम केलं. टोकाचा जोड उचलून लोकांच्या रांगेत, अगदी मधोमध ठेवला. आणि मला काढून त्या मेलेल्या माणसाच्या जागेवर मांडलं. माझ्या तळाखालची वाळू सरकली. पुढच्या दारानं गेलेला माणूस मागच्या दारानं निघून जातो, हे मी त्याच्याकडूनच शिकले होते. हा मला इथेच टाकून जाणार, माझी खात्रीच पटली.

तो अनवाणीच बाजूच्या पाणपोईच्या कट्ट्यावर जाऊन पान लावत बसला.

वर जेवण झालं, म्हातारीच्या नावानं पाणी सोडलं, पुण्य वाटलं. "साधू, साधू, साधू" असा गजर झाला. दॉ न्योचा आवाज जिन्यापर्यंत आला, "चल ग, आता कबूल करतेस की रिक्षा बोलावू?" वरच्या पायरीवर मा न्वे दिसली, ती रडतही नव्हती. तिनं आपलं लहानसं गाठोडं बांधून आणलं होतं. ते बघून मला भडभडून आलं.

माणसं घोळक्यानं उतरू लागली. को चॉ सेइन पुढे होता. आठवडाभर तो एका नव्या करकरीत जोडात येत होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो थबकला. टोकाकडे पाहिलं, तिथे तपकिरी जोड जागच्या जागी होता, म्हणजे मी. मग रांगेत पाहिलं. इकडेतिकडे एक नजर टाकली, आणि मधल्या जोडात पाय सरकवून चालू लागला. नवा करकरीत जोड तिथेच राहिला.

"चॉ सेइन," माझा मालक कट्ट्यावरून म्हणाला, "चपला बदलल्या बघ तुझ्या."

"नाही, काका."

"नीट बघ. गर्दीत होतं असं. परवा माझंही झालं."

"माझ्याच आहेत."

"बा शीनच्या तर नाहीत ना?"

"अहो नाही!" त्याला घाई होती, घाम फुटला होता. "माझ्याच. हे बघा, गेल्याच महिन्यात तळ बदलून घेतलाय." आणि त्यानं पाय उचलून सगळ्यांना रबर दाखवलं.

मालकानं पान तोंडात टाकलं. "खरं आहे. तुझ्याच आहेत. मग आठवडाभर बा शीनच्या जागेवर काय करत होत्या?"

एक म्हातारा लगबगीनं वाकून माझ्याकडे बघू लागला.

"तू म्हणालास की त्या दिवशी तू नदीपलीकडे सगाईंगला होतास, बातमी कळल्यावर संध्याकाळी आलास," मालक सावकाश बोलत होता. "आलास तो मांडवात, लोकांदेखत, या नव्या चपला घालून. पण त्याआधी दुपारीही आलास, तो या पायातल्या घालून. मा न्वे वैद्याकडे गेलेली. घाईत उतरताना बा शीनच्या चपला घालून गेलास, आणि शेजारी काढलेल्या तुझ्या इथेच राहिल्या. त्या कुठायत?"

"काहीतरीच! चॉ सेइन, सांग ना यांना!" दॉ न्यो ओरडली.

तो आईकडे बघेना. "इरावतीत टाकल्या," एवढंच म्हणाला. कुड्या एका मित्राकडे होत्या. संध्याकाळच्या आत परत आल्या.

दॉ न्यो पायरीवर मटकन बसली. मग तिनं मा न्वेच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना.

"राहू दे, मावशी. मी सोडते," मा न्वे म्हणाली.

निघताना मालक माझ्यापाशी आला. मी पाय यायची वाट बघत होते. मा न्वे म्हणाली, "काका, तुमच्या चपला."

"राहू देत तिथेच. बा शीनच्या नदीत गेल्या. तू आता या घरात एकटी. जिन्याशी काहीतरी हवं ना."

"आणि तुम्ही?"

"मी असाच जाईन," तो म्हणाला आणि तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी, छत्री टेकत, निघून गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी पुष्कळ रडले. चप्पल रडते तेव्हा तिचा पट्टा सैल होतो.

आता मी जिन्याच्या टोकाला असते, तोंड बाहेरच्या दिशेला, डावीपेक्षा बोटभर पुढे. मा न्वे केर काढते, पण मला हलवत नाही. मखमल विरलीय, कडेला मुंग्यांनी घर केलंय. चालायचं तर विसरूनच गेले. तरी फेरीवाला आला, दूरचा नातेवाईक आला, की आधी माझ्याकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "मालक आहेत का घरात?" मा न्वे वरूनच सांगते, "आहेत, झोपलेत."

कधीमधी तो येतो. पायात नवा जोड असतो. मला त्या जोडाचा भरवसा वाटत नाही, फारच गुळगुळीत आहे. तो जिन्याशी थांबतो, खाली सगळ्यांकडे बघतो, आणि माझ्यापाशी आल्यावर त्याची नजर पुढे जायचं विसरते. मग चहा प्यायला वर जातो. मा न्वेनं दिलेला पहिला कप तो वास न घेता पितो, हे त्याच्या नव्या चपलांनी मला सांगितलं. खरं की खोटं कोण जाणे.

तर तुम्ही या, वर बसा, चहा घ्या. फक्त चपला इथे, माझ्यासमोर काढा. आणि कृपा करून तळ वर करून दाखवा.